ऑप्टिकल केबल आणि आमच्या घरातलं प्लास्टिक

आमच्या घरात वस्तू नवी येते आणि नवीच राहते. सोफा आला तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. आज त्याच्यावरचं प्लास्टिक पिवळं पडलंय, पण आतला सोफा नवा आहे, असं दादा म्हणतात. दादा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त शिक्षक. परभणीच्या उन्हाळ्यात त्या सोफ्यावर बसलेला पाहुणा उठायला लागला की चर्र आवाज होतो आणि पाहुण्याचा थोडा भाग तिथेच राहतो. फ्रीजच्या मुठीला प्लास्टिक आहे. रिमोट पिशवीत आहे. टीव्हीच्या काचेवरची पातळ फिल्म आम्ही अजून काढलेली नाही, त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईच्या गालावर कायम एक बुडबुडा असतो, मग बातमी लग्नाची असो की दुष्काळाची.

यामागचं कारण मला माहीत आहे. दादांचं बालपण चुडाव्याजवळच्या खेड्यात गेलं. अंगातला सदरा कुणाचा तरी उतरलेला, पुस्तक चार हात फिरून आलेलं, पाटी कोपऱ्यात फुटलेली. नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली कोरी वस्तू घेतली ती सायकल. तिच्या दांडीला गुंडाळलेला पुठ्ठा त्यांनी सायकल विकेपर्यंत काढला नाही. ज्या माणसाला तीस वर्षांचा होईपर्यंत नवं काही मिळालं नाही, तो नवेपण इतक्या सहज कसं फाडून फेकेल? हे सगळं मला समजतं. तरी मे महिन्यात त्या सोफ्यावर बसले की समजूतदारपणा टिकत नाही.

घरात आम्ही तिघं. दादा, माय आणि मी. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्न केलेलं नाही. त्या विषयावर बोलायला माय आहे, मी वेगळं लिहीत नाही. भाऊ पुण्याला असतो. तो प्रेमळ आहे आणि त्याचं प्रेम कुरियरने येतं. आजवर त्याने मालिश करायचं यंत्र पाठवलंय, हवा शुद्ध करायचं यंत्र पाठवलंय, आणि मागच्या दिवाळीत दादांसाठी कानाचं मशीन पाठवलं. तो स्वतः आला नाही, कारण त्याला रजा नव्हती. कुरियरवाल्याला असावी.

कानाच्या मशीनचा खोका दादांनी बघितला, पाठीवर लिहिलेली माहिती चष्मा लावून वाचली आणि कपाटात ठेवून दिला. नंतर विचारलं की एकच उत्तर मिळायचं.

"जपून ठेवलंय. लागलं तर काढू."

"नवं हाय ना," माय म्हणायची. "मंग कशाला कानात घालतील. जुनं व्हईल की."

आम्ही दोघी हसायचो. आम्हाला वाटायचं, सोफा तसा खोका.

दादांना ऐकू येत नाही ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, फक्त ती बोलायची नाही असं ठरलेलं होतं. त्यांच्या मते दोष जयंतीच्या डीजेचा होता. मिरवणुकीत वयाचा मान म्हणून त्यांना डीजेच्या गाडीपुढे उभं करायचे, आणि मान नाकारायचा नाही म्हणून ते उभे राहायचे. मायचं मत वेगळं होतं. तिच्या मते ते लग्नापासूनच बहिरे होते, फक्त तिच्यापुरते. पुढे सगळ्यांपुरते झाले. मग त्यांनी एक युक्ती काढली. कुणी काहीही म्हणालं की मान हलवायची आणि "हो हो" म्हणायचं. समोरच्याचा चेहरा हसरा दिसला तर वर "वा वा" जोडायचं. जगातली निम्मी संभाषणं एवढ्यावर पार पडतात, म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मायच्या अर्थात आलं होतं. ती भाजी चिरता चिरता तोंडातल्या तोंडात म्हणायची, "ह्या घरात भितीसंगं बोललेलं बरं. ती निदान हो हो तरी करत न्हाई." दादा समोरच बसलेले असायचे आणि "हो हो" म्हणायचे.

मग एक दिवस समोरच्या वहिनी आल्या. त्यांना गल्लीत सगळेच वहिनी म्हणतात, दादाही. साठीच्या पुढच्या, एकट्या राहतात, आणि बोलताना त्यांचा चेहरा मुळातच हसल्यासारखा दिसतो. त्या दारात उभ्या राहून दादांना सांगत होत्या की जिंतूरला त्यांचा धाकटा भाऊ वारला, पहाटे फोन आला, त्या आता एसटीने निघाल्यात, घराकडे लक्ष ठेवा. दादांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "वा वा," ते म्हणाले. "फार चांगलं झालं."

मी आतून धावत येईपर्यंत वहिनी फाटकाबाहेर गेल्या होत्या. दादांना मी कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसले. माय म्हणाली की ती स्वतः जाऊन वहिनींना सांगेल, ह्यांना ऐकू येत नाही, मनावर घेऊ नका. दादांनी तिला थांबवलं.

"सांगू नको. कुणालाच सांगू नको."

निर्दयी ठरलो तरी चालेल, बहिरा नको, असा तो हिशेब होता. शिक्षक माणूस. आयुष्यभर पोरांना "कान कुठं गेले तुझे?" असं विचारत आलेला. त्या दिवसापासून ते समोरच्या खोलीत बसेनासे झाले. रविवारी विहारात वंदनेनंतर ते मुलांकडून भाषणं बसवून घ्यायचे, तेही बंद केलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी बसायचे आणि वाचलेलंच वर्तमानपत्र पुन्हा वाचायचे. वहिनींच्या घरून येणारी जवसाची चटणीही बंद झाली. मला भीती वाटायची की हा माणूस त्या खिडकीपाशी बसूनच संपणार, आणि कुणी काही विचारलंच तर हो हो म्हणणार.

अशा वेळी शहाणी मुलगी काय करते? कानाच्या डॉक्टरकडे नेते. मी नेलं असतं, पण डॉक्टरचं नाव काढलं की दादा दोन दिवस जेवणावर रागवायचे. मग मी दुसरा शहाणपणा केला. मी होम थिएटर घेतलं.

विचार असा होता की आमच्या टीव्हीचा आवाज मागच्या बाजूने निघतो आणि भिंतीला सांगून संपतो. मधला स्पीकर समोर ठेवला, माणसांचं बोलणं त्यातून स्वच्छ आलं, तर दादा ऐकतील. ऐकलं तर समोर येऊन बसतील. बसले तर बोलतील. एवढा लांबचा पूल मी पाच स्पीकर आणि एका दणक्याच्या डब्यावर, म्हणजे सबवूफरवर, बांधला होता. फिजिक्सवाल्यांना पूल बांधता येत नाहीत, ते काम इंजिनिअरांचं, हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुकानदार चांगला माणूस होता. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, मागे कुणी नाही हे बघून म्हणाला, "मॅडम, सरांना घेऊन या की. वायरिंगचं त्यांना समजावून देतो."

"सर मीच आहे," मी म्हणाले.

"तसं न्हाई मॅडम, ह्याच्यात लय टेक्निकल ऱ्हातंय."

मग त्याने मला टेक्निकल समजावलं. टीव्हीतून होम थिएटरला आवाज न्यायला तीन वाटा असतात. एक एचडीएमआयची, एक कोअॅक्शियलची, एक ऑप्टिकलची. पहिल्या दोन्हींत तांब्याच्या तारेतून वीज जाते, तिसरीत धाग्यातून उजेड जातो. एवढं बरोबर सांगून झाल्यावर तो धंद्यावर आला. त्याने कपाटातून एक एचडीएमआय केबल काढली, अंगठ्याएवढी जाड, अंगावर जाळीदार कापड आणि टोकाला सोन्याचं पाणी.

"जर्मनीचा माल हाय. ह्याच्यात आवाज कसा मोकळा यायलाय बघा. साध्या केबलीत आवाज दबतो."

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने म्हणत आलो आहोत. दोन्हींची गाठ कुठे पडते ते मला त्या दुकानात कळलं. मी त्याला सांगणार होते की बाबा रे, डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. एक सोन्याच्या पाण्यातून आला म्हणून तो सव्वा होत नाही. पोहोचलं तर पूर्ण पोहोचतं, नाहीतर अडखळतं. मोकळं आणि दबलेलं असा प्रकार त्यात नसतो. हे मी दर वर्षी बारावीला शिकवते. पण दुकानात उभं राहिल्यावर माणसाचं शिक्षण जरा मागे राहतं, आणि दादांच्या कानासाठी घेतोय म्हटल्यावर तर फारच मागे राहतं. मी जाड केबल घेतली.

घरी आल्यावर कळलं की टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसवलाय की मागे बोट जेमतेम जातं. एचडीएमआयची जी खाच लागते ती नेमकी भिंतीकडे तोंड करून. साधी, बारीक केबल वाकली असती. जर्मनीचा माल वाकत नाही. मी रेटलं तर टीव्हीच भिंतीवरून पुढे यायला लागला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे बोलून बसले आणि आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला. या सरांना संगीतातलं कळतं. म्हणजे गाणं येत नाही, पण स्पीकर कोणता ते सांगतात.

"मॅडम, तुम्ही मुळात एचडीएमआयच्या वाटेला जायला नको होतं," ते म्हणाले. "कोअॅक्शियल घ्या. तांब्यात जी ऊब आहे ती कशात नाही."

"सर, डिजिटल सिग्नलला ऊब कशी असेल?"

"ते कानाला कळतं."

कानाला कळतं म्हटल्यावर वाद संपतो, कारण दुसऱ्याच्या कानात जाऊन बघता येत नाही. मी कोअॅक्शियल केबल घेतली. घरी येऊन टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं. आमच्या टीव्हीला कोअॅक्शियलचं भोकच नव्हतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, मग टीव्ही बदला. ते गंभीर होते.

उरली ऑप्टिकल. खरं तर मी तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. बारीक, हलकी, अलगद वळणारी. शिवाय माझ्या विषयातली. धाग्याच्या आत प्रकाश भिंतींवर आपटत आपटत शेवटपर्यंत जातो, बाहेर पडत नाही. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात आणि ते परीक्षेला हमखास येतं. मी ती केबल घेऊन आले तेव्हा दादा पाणी प्यायला बाहेर आले होते. नवी वस्तू म्हटल्यावर थांबले. मी पिशवी फोडली. केबलच्या दोन्ही टोकांवर पांढुरकी, अर्धवट आरपार दिसणारी बारीक टोपणं होती, तुरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. दादांनी केबल हातात घेतली, टोक चष्म्याजवळ नेलं आणि मला बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा खुललेला दिसला.

"कंपनीनं बघ कसं झाकून दिलंय. टोपण काढू नको. धूळ जाईल."

"हो," मी म्हणाले.

मी एम.एस्सी. आहे, हे पुन्हा सांगते. पण त्या आधी मी त्या घरातली पोरगी आहे. टोपणासकट केबल खाचेत घातली. ती पूर्ण आत गेली नाही. टक्क असा आवाज यायला हवा तो आला नाही. हलवली की डुलायची, म्हणून मी वरून काळी टेप गुंडाळली. टीव्ही लावला. पाच स्पीकर आणि एक डबा सगळे गप्प होते.

माय दारातून बघत होती. "सहा जण आणून बशिवलेस," ती म्हणाली, "अन् एकबी बोलायला न्हाई. हे बरंय. घरात आधीच एक होता."

पुढचे दिवस मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये घालवले. पीसीएम करून बघितलं, बिटस्ट्रीम करून बघितलं, भाषा मराठी करून बघितली. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, साधी ऑप्टिकल घेतली असंल तुमी, तिच्यात उजेड गळतोय. त्याने दुसरी दिली, जाड आवरणाची, धातूच्या पिनेची. हीसुद्धा जर्मनीचीच. हिच्याही टोकांना टोपणं होती, जरा जास्त चांगली. दादांनी तीही तपासली आणि समाधानाने मान हलवली. हिनेही टक्क केलं नाही. मी पुन्हा टेप गुंडाळली. केमिस्ट्रीच्या सरांनी निदान केलं की घराची दिशा चुकली असेल. दुकानदाराने निदान केलं की टीव्हीच डिफेक्टिव्ह आहे. भाऊ पुण्याहून म्हणाला, मी बिनतारी स्पीकर पाठवू का? तोवर दादा पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले होते. मला स्वतःचाच राग आला होता. माणूस हातातून चाललाय आणि मी तारा बदलत बसलेय.

नेमका तेव्हा बारावीला प्रकाशाचा धडा आला. निदान कुठेतरी उपयोग व्हावा म्हणून काढून ठेवलेली पहिली ऑप्टिकल केबल मी वर्गात नेली. एका टोकाला लेझरचा ठिपका धरायचा, दुसऱ्या टोकाला तो तसाच ठिपका बाहेर येतो, पोरं खूश होतात. मी लेझर धरला. दुसऱ्या टोकाला ठिपका आला नाही. एक लालसर, पुसट डाग आला, फडक्यातून बघितल्यासारखा. मी टोक डोळ्यांपुढे धरलं. नखाने उकरलं. टोपण निघून माझ्या बोटावर बसलं आणि मागे केबलचं खरं टोक दिसलं, स्वच्छ, बारीक, चकचकीत.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. अशा वेळी शिक्षकाने काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवत नाही, ते अंगातच असावं लागतं. मी टोपण उंच धरलं आणि म्हणाले, "तर, प्रयोगाआधी हे काढायचं असतं. लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी येऊन चप्पल न काढताच मी टीव्हीच्या मागे हात घातला. टेप सोडवली, दोन्ही टोपणं काढली, केबल ढकलली. टक्क. दुसरीकडे ढकलली. टक्क. आणि घरात जो आवाज झाला त्याने मायच्या हातातलं ताट खाली पडलं. बातम्या देणारी बाई, गालावरच्या बुडबुड्यासकट, अशी बोलायला लागली की जणू आमच्या ओसरीत बसलीय. डब्याचा दणका फरशीतून मागच्या खोलीत गेला असावा, कारण दादा बाहेर आले. आवाजाने नाही, पायाला लागलेल्या थरथरीने.

मी त्यांना मधल्या स्पीकरसमोर बसवलं. सोफा चर्र वाजला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाई स्वच्छ बोलत होती, एकेक शब्द वेगळा. दादा थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"हो हो," ते म्हणाले. "वा वा."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. चार केबली, सोन्याचं पाणी, जर्मनी, ऊब. सगळं पोहोचवून माझे शून्य आणि एक त्यांच्या दारापाशी येऊन उभे राहिले होते. आत कोण नेणार? मी टीव्ही बंद केला.

दादांना वाटलं असावं की बिघडलंच. त्यांनी हाताने विचारलं, काय झालं होतं? मी तळहातावर ते टोपण ठेवून दाखवलं आणि कानाशी मोठ्याने सांगितलं, "हे काढलं नव्हतं. हे होतं म्हणून आवाज येत नव्हता. बाकी सगळं चांगलं होतं."

ते त्या टोपणाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा टोपणाकडे. एवढ्याशा प्लास्टिकवर माणूस इतका वेळ का विचार करतो ते मला कळेना. मग ते उठले, आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते भावाने पाठवलेला तो खोका घेऊन आले.

खोक्याचं प्लास्टिक एका कडेने ब्लेडने सरळ कापलेलं होतं. इतकं सरळ की वरून दिसू नये. आतलं मशीन काढलेलं, लावलेलं आणि परत नीट ठेवलेलं होतं.

"ह्याला बी असंच काही असंल का?" दादांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खाली बघून बोलत होते, शाळेत न आलेलं उत्तर सांगताना पोरं बोलतात तसे.

"तुमी दोघी पोखर्णीला लग्नाला गेलतात तव्हा लावलं होतं मी. कागदावर लिहिल्यासारखं सगळं केलं. काहीच ऐकू आलं न्हाई. मला वाटलं, आता मशीनच्या बी पलीकडं गेलो आपुन. मंग ठेवून दिलं."

हे मनात घेऊन हा माणूस खिडकीपाशी बसला होता आणि आम्ही दोघी सोफा तसा खोका म्हणून हसत होतो. मशीनच्या बाजूला बारीक झाकण होतं. मी ते उघडलं. आत गोळीएवढी बॅटरी होती आणि तिच्यावर नारिंगी चिकटपट्टी, नीट, गोल. अशा पट्टीला ओढून काढायला एक शेपटी असते. झाकण लागायला ती शेपटी आडवी येत असणार. दादांनी ती कात्रीने व्यवस्थित कापून टाकली होती आणि पट्टी ठेवली होती. कंपनीनं झाकून दिलेली, कशाला काढायची.

मी नखाने उकरली. सोबतच्या कागदावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पट्टी काढल्यावर बॅटरीला थोडी हवा लागू द्या, मग ती सुरू होते. पट्टी तशीच राहिली म्हणून बॅटरी इतके दिवस टिकली होती. आमच्या घरातल्या प्लास्टिकने आयुष्यात एकदा तरी काही खरंच जपलं, एवढं मला मान्य करावं लागेल. हवा लागू दिली. झाकण लावलं. दादांच्या कानामागे मशीन बसवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून पडलेल्या ताटातली भाजी गोळा करत होती. तिला आमचं काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. तिला दिसत होतं एवढंच की बाप-लेक पुन्हा एक खोका उघडून बसलेत. ती नेहमीसारखी तोंडातल्या तोंडात म्हणाली, "ह्या घरात भितीसंगं बोललेलं बरं."

"मंग बोल की भितीसंगं," दादा म्हणाले. "मला कशाला सांगायलीस."

मायचा हात ताटातच राहिला. तिने वर बघितलं. किती वर्षांचं काय काय ती त्यांच्यासमोर बसून बोलली असेल ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलं.

"कधीपासनं ऐकायलात तुमी?" तिने विचारलं.

"आत्तापासनं," दादा म्हणाले. आणि मग ते रडले. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मायने पदराला हात पुसले आणि त्यांच्याजवळ येऊन बसली, सोफा चर्र वाजला, आणि दादा दचकून म्हणाले, "हे काय वाजलं?"

थोड्या वेळाने मी हौसेने टीव्ही लावला. पाच स्पीकर, एक डबा. दादांनी दोन्ही हात वर केले.

"बंद कर ते. डोकं उठलं."

होम थिएटर तेव्हापासून बंद आहे. मायने त्याच्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकलाय. केमिस्ट्रीच्या सरांना मी तांब्याची ऊबदार केबल देऊन टाकली. त्यांच्या टीव्हीला भोक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी इस्त्रीचा सदरा घातला. मला वाटलं विहारात निघाले, पण रविवार नव्हता. ते फाटक उघडून समोर गेले. मी चटणीची राहिलेली वाटी परत द्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. वहिनी अंगण झाडत होत्या. दादांना बघून त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पण या म्हणाल्या नाहीत.

"वहिनी," दादा म्हणाले, "त्या दिवशी तुमी दारात येऊन काय सांगितलं, ते मला ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू येत न्हाई. लय दिवसांपासनं येत न्हाई." त्यांनी कानामागे बोट नेलं. "आता हे लावलंय. भावाचं काय झालं ते सांगा."

वहिनी त्यांच्या कानाकडे बघत राहिल्या. मग पायरीवर बसल्या आणि जिंतूरहून पहाटे फोन आला तिथपासून सांगायला लागल्या. दादा समोरच्या ओट्यावर बसले, मान जरा तिरकी करून, मशीनचा कान त्यांच्याकडे करून. बरंच लांबलं ते. भावाचं लहानपण आलं, त्याचा आजार आला, दवाखाना आला, एसटी उशिरा मिळाल्यामुळे तोंड बघायला मिळालं नाही ते आलं.

दादा एकदाही हो हो म्हणाले नाहीत.